वरचे तीन फटके

पापनाशमच्या तालुका कचेरीबाहेर बसून सांबशिवराव लोकांचे अर्ज लिहून देत. १९५३ साली, भाताच्या लावणीच्या दिवसांत, वीरायी नावाची एक शेतमजूर बाई त्यांच्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिचा नवरा मालकाला न विचारता बहिणीच्या मयताला तिरुवैयारुला गेला होता. परतल्यावर मालकानं त्याला खांबाला बांधून चाबकानं फोडून काढलं होतं.

"लिहा सामी," वीरायी म्हणाली, "न विचारता गेलं तर सहा फटके, हे ठरलेलंच आहे. माझ्या माणसाला नऊ मारले. वरचे तीन अन्यायाचे."

सांबशिवरावांनी टाक खाली ठेवला. चीड आली होती मालकाची, पण आवाज चढला तो तिच्यावरच.

"अगं, एकसुद्धा फटका मारायचा हक्क त्याला नाही! तू, मी, तुझा मालक, सगळी सारखीच माणसं. नऊच्या नऊ अन्यायाचेच."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

आता बाईचा चेहरा उजळेल, असं त्यांना वाटलं. पण तिनं पदर तोंडाशी धरला.

"सामी, माझा बाप असेच फटके खाता खाता मेला," ती म्हणाली. "आणि आम्ही सगळ्यांनी मालकाचे पाय धरून बापाच्या चुकीची माफी मागितली."