सोळावं खाचर

"ताई, हे कोरडं कुणाचं खाचर?" मालनने अहवालाच्या पानावर बोट ठेवून विचारलं.

मुलुंडच्या सभागृहात खुर्च्या भरत आल्या होत्या. शुभा व्यासपीठामागे भाषणाचे कागद लावत उभी होती. तिने पान पाहिलं.

"तुमचंच की. हे बघा, खाचर सोळा, मालन शिंगोळे."

"मग चुकलं काहीतरी. पोरीनं ह्यातलं इंग्रजी वाचून दाखवलं तेव्हाच म्हटलं, तुम्हालाच विचारते. माझं खाचर एक दिवस कोरडं झालं नाय."

शहापूरकडच्या त्या उतारावर सोळा भातखाचरं होती. साठलेल्या पाण्यातून हवा तापवणारा मिथेन वायू उठतो, म्हणून पाणी मधूनमधून सोडून द्या, असं शुभानेच तिथे जाऊन समजावलं होतं. पाण्याची पातळी कळावी म्हणून प्रत्येक खाचरात भोकांची नळी पुरली होती. दर सोमवारी ती पातळी वहीत लिहायची होती; मालनने एकही सोमवार चुकवला नव्हता. आज तिचा सत्कार त्यासाठीच होता.

"दर सोमवारी मी एकच लिहिलं, नळी भरलेली," मालन म्हणाली. "माझं सगळ्यात खालचं खाचर. तुम्ही सांगितलंत, बांध खोला. वरच्या पंधरा जणांनी खोलले. ते पाणी जाणार कुठं?" ती हसली. "वरच्या खाचरातले दादूभावजी तर म्हणतात, वैनी, भात राहू द्या, आता मासे सोडा."

शुभाला हसता आलं नाही.

मालनची वही तिला आठवत होती. अंधेरीच्या ऑफिसात बसून तिने ते आकडे पाहिले होते. पंधरा खाचरं एका बाजूला, एकच दुसऱ्या बाजूला. तिने मालनचे आकडे खोडले, तिथे बाकीच्यांची सरासरी भरली आणि शेऱ्यात लिहिलं, 'नोंदणाऱ्याची चूक'. गावात फोन लावायला एक मिनिट लागलं असतं. पाणी उताराकडे जातं, हे ती पाचवीत शिकली होती.

"मालनताई, ते..."

"नळी वाकडी पुरली का मी?" मालनने आवाज खाली आणला. "माझंच काही चुकलं असंल. बाकीच्यांचं बरोबर आलंय ना?"

"शुभा, अगं चल ना!" पडदा बाजूला करून तिच्या ऑफिसचे प्रमुख विद्याधर सर म्हणाले. "पाहुणे ताटकळलेत. दोन मिनिटांत आकडे वाच, मग शाल. झकास झालाय रिपोर्ट, यार!"

मालनने पान नीट घडी घालून शुभाच्या हातात दिलं, पदर सावरला आणि जाऊन पहिल्या रांगेत बसली.

शुभा माईकसमोर उभी राहिली. आत्ता सांगता येईल, असं तिला वाटलं. एकच वाक्य. सर घड्याळ बघत होते. तिने कागद वर धरला.

"सोळाच्या सोळा खाचरांत," ती वाचू लागली, "पाणी ठरल्याप्रमाणे जमिनीच्या खाली गेलं."

टाळ्या पडल्या. शुभाने मान वर केली.

पहिल्या रांगेत मालनही टाळ्या वाजवत होती. तिच्या नव्या चपलांत पायांची बोटं सतत पाण्यात राहून पांढरी पडून फुगली होती आणि बेचक्यांतल्या चिखल्यांवर हळद होती. शुभाची नजर तिथे गेलेली पाहून तिने पावलं हळूच खुर्चीखाली ओढून घेतली.