लेखी हुकूम

“जाऊ दे की सगळ्यांना मेल, माझं काय जातंय?” मॅनेजर म्हणाला. “माझ्या हुकमाशिवाय खाली एक माणूस जागचा हलत नाही.”

मॅनेजरच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून कॉम्प्युटरवाली टाइप करत होती. खालच्या रंगाच्या शेडमधला वायूचा मीटर आपले आकडे या कॉम्प्युटरला पाठवायचा आणि ते इथे कुणीही न बघता पडून राहायचे. आता मेल पाठवणारा एक छोटा प्रोग्राम बसवायचा होता. आकडा धोक्याच्या लाल रेघेवर गेला, की मीटरचं सॉफ्टवेअर त्याला हाक मारणार, तो शेडमधल्या एकूण एक माणसाला मेल टाकणार. तपासणी अधिकाऱ्यानं दम भरला होता, म्हणून हे सुचलं. नाहीतर साहेबांना आपणहून काय सुचतं, ते शेडला पाठ होतं.

केबिनच्या मोठ्या काचेतून तिला तिचा दादा दिसत होता. पिंपावर वाकून रंग ढवळत होता आणि खोकत होता. खोकला वर ऐकू येत नव्हता. नुसते खांदे हलत होते. मॅनेजर लोकांच्या काचा अशाच बसवलेल्या असतात.

शेडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं : ‘मॅनेजरच्या लेखी हुकमाशिवाय मशीन बंद करू नये.’ गेल्या महिन्यात पिंप धुणारी मावशी चक्कर येऊन पडली, तेव्हा मुकादमानं मशीन बंद केलं. “हुकूम कुठाय? दाखव!” मॅनेजर ओरडला होता. मुकादमाकडे हुकूम नव्हता. संध्याकाळी त्याला काढल्याचा हुकूम आला, मेलनं, सगळ्यांच्या फोनवर, खाली मॅनेजरचं नाव. मेल म्हणजेच लेखी हुकूम, हे त्या दिवशी सगळ्यांना नीट समजलं.

प्रोग्राम बसला. तिनं चाचणीचा मेल सोडला. आला परत. पुन्हा सोडला. पुन्हा परत.

“काय झालं? येत नाही का तुला?”

“येतं. सर्व्हर विचारतोय, पाठवणारा कोण. कारखान्याच्या खात्यातलं नाव हवं. भलत्याच नावाचा मेल तो दारातूनच हाकलतो.”

“मग घाल एखादं नाव.”

“कारखान्यात खातं एकट्या तुमचंच आहे, साहेब. मीटरसाठी वेगळं काढून द्या.”

वेगळं काढायचं तर मुख्य कचेरीला विचारायला हवं. मग कसला मीटर, कसली लाल रेघ, आजवर काय करत होतात, हे सगळं आलं. मॅनेजरनं तोंड वाकडं केलं.

“माझंच घाल.”

तिची बोटं थांबली. “नीट विचार करा. मेल तुमच्या नावानं जाईल. तुम्हीच पाठवल्यासारखा.”

“अगं बाई, या कारखान्यात सगळं माझ्याच नावानं चालतं! सरक.” त्यानं पुढे वाकून दोन बोटांनी पासवर्ड ठोकला. “इकडे बघू नकोस.”

तिनं मान फिरवली. काचेपलीकडे खांदे हलतच होते.

“मजकूर काय घालू?”

“नियमात असेल तो. वाचतंय कोण?”

नियमात होता तो तिनं शब्दही न बदलता घातला. मग रेघेचा आकडा घातला, मीटरवर छापलेला होता तोच, आणि प्रोग्राम चालू केला.

“आता रेघ ओलांडायची वाट बघत बसा,” खुर्चीत रेलत मॅनेजर म्हणाला.

वाट बघावी लागली नाही. आकडा आधीपासूनच रेघेच्या वर होता. कधीपासून, ते मीटरला ठाऊक आणि त्या खोकणाऱ्यांना.

खाली दादानं ढवळणं थांबवलं. पँटला हात पुसले, खिशातून फोन काढला. वाचला. भिंतीवरच्या अक्षरांकडे बघितलं. पुन्हा फोनकडे बघितलं. मग चालत गेला आणि त्यानं खटका खाली ओढला. पलीकडे मावशीनं ओढला. मग तिसरा, मग सगळेच. केबिनची काच दिवसभर थरथरायची, ती थांबली. इतकी शांत काच मॅनेजरनं पहिल्यांदाच बघितली असेल.

शेडचं मोठं दार दोघांनी मिळून ढकललं. माणसं अंगणात आली.

मॅनेजर जिन्यावरून धडधडत खाली धावला. त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजत होता, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. कॉम्प्युटरवाली त्याच्या मागोमाग उतरली, अजिबात घाई न करता.

“कुणी बंद केलं? कुणी सांगितलं? हुकूम कुठाय? दाखवा मला!”

दादानं फोन त्याच्या नाकासमोर धरला. “तुम्हीच की, साहेब.”

मॅनेजरनं वाचलं. त्यानं वळून कॉम्प्युटरवालीकडे बघितलं.

“तुमच्याच नावानं चालतं ना सगळं?” ती म्हणाली.

“ए, मोठ्यानं वाच रे!” मागून मावशी ओरडली. “माझा चष्मा आत राहिलाय. साहेबांचा हुकूम आहे, ऐकायला नको?”

अंगणात हशा पिकला. दादानं फोन डोळ्यांसमोर धरला.

“‘हवा विषारी आहे. काम ताबडतोब थांबवा. सर्वांनी शेडच्या बाहेर…’”

तिथे त्याला खोकल्यानं गाठलं. चांगलीच उबळ आली. सगळे थांबले. मॅनेजरही थांबला, जाणार कुठे? खोकला ओसरला तसं दादानं तोंड पुसलं, छातीभर मोकळी हवा घेतली आणि पुन्हा अगदी पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.