कार्डाखालची हिरवी पुडी

कोंबडीच्या पायाचं चोखलेलं हाड आ-पाओने टेबलावर ठेवलं, तेही नेमकं ग्राफिक्स कार्डाला टेकवून.

“शी! उचल आधी ते!” आ-युआन ओरडला. “कार्ड आहे, उकिरडा नाही.”

“उचलतो की, दादा. अजून थोडं मांस आहे त्याला.” आ-पाओने हाड परत तोंडात घातलं आणि बोटं शर्टाला पुसली.

तैपेईच्या या तळघरातल्या बाजारात, श्येहबाईंच्या संगणक-दुरुस्तीच्या गाळ्यात दोघं एकाच टेबलावर काम करत, आणि रोज हेच. कुजक्या टोफूचा दर्प, चहाच्या पेल्यात मेलेली माशी, स्क्रू-ड्रायव्हरला भाताची शितं. एकदा तर कार्डाच्या चिपवर लावायचा लेप या बाबाने अंगठ्याने फासला होता, आणि तो अंगठा त्याआधी नाकात होता!

रविवारी वरच्या मजल्यावर स्पर्धा होती. ठरलेल्या वेगाच्या पुढे कार्ड पळवायचं, पण सांभाळून. संगणकाच्या बंद खोक्यात अर्धा तास चाचणी, तापमान ऐंशीच्या वर गेलं की बाद. जिंकेल त्याला कार्ड बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात नोकरी. आ-युआनला ती हवीच होती. तिथे हातमोजे घालतात. तिथे टेबलावर कुणी जेवत नाही. आ-पाओपासून सुटका व्हावी, बाकी पगार काय देतील तो देवोत.

कामात तो पक्का होता. वेग चिमूटभर वाढवायचा, चाचणी लावायची, आकड्याकडे बघत बसायचं. पडद्यावर नको ते ठिपके चमकले की एक पायरी मागे. विजेचा दाब वाढवायचं तर नावच काढायचं नाही. हाव सुटली की कार्ड गेलं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

आणि हिरवी पुडी. मक्याच्या गोड कुरकुऱ्यांची ही पुडी तैवानात यंत्रापाशी ठेवतातच, मग ती बँक असो की इस्पितळ. ती असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पुडी हिरवीच हवी, ताजी हवी आणि कुणी फोडलेली नको. लोक ती खोक्याच्या वर ठेवतात. पण वर ठेवलेलं खाणं आ-पाओच्या तावडीतून सुटतंय थोडंच! म्हणून आ-युआन ती खोक्याच्या आत ठेवी, कार्डाखालच्या फटीत. मग साबणाने खसाखसा हात धुवायला जाई. तेवढ्यात आ-पाओ काच बसवून स्क्रू पिळे. जुनी पुडी काढून फेकायचं कामही त्याचंच. काचेवर त्याचे तेलकट ठसे उठत, ते आ-युआन नाक मुरडत पुसून काढी.

सरावात कार्ड असं धावलं की श्येहबाईसुद्धा काम सोडून बघायला आल्या. तापमान सत्तरला टेकलं की तिथेच थांबे.

“काय जादू केलीस रे?”

“स्वच्छता, मालकीणबाई,” आ-पाओकडे बघत आ-युआन म्हणाला. “आणि पुडी.”

आ-पाओला ठसका लागला.

शनिवारी एकदा धूळ बघावी म्हणून आ-युआनने काच काढली. फटीतली पुडी चपटी दिसली. उचलली तर हलकी. मागून फाडलेली, आत थोडा चुरा आणि बोटांचा ओशटपणा.

“आ-पाओ!”

“भूक लागली होती, दादा.”

“स्पर्धेच्या आदल्या दिवशी यंत्राची पुडी खाल्लीस?”

“आजच नाही काही. पहिल्या दिवसापासून खातोय. तू हात धुवायला गेलास की मी… आणि रिकामी परत ठेवायचो, तुला वाईट वाटू नये म्हणून.” तो ओशाळून हसला. दातांत मका अडकला होता. “पण बिघडलं काय? कार्ड तर मस्त चाललं!”

“माझ्या जिवावर चाललं! खादाड मेला! भुतांच्या महिन्यात भुतांसाठी वाढलेल्या पानावरचंही उचलशील तू!”

श्येहबाईंचा चेहराच उतरला. फोडलेली पुडी म्हणजे अपशकुन, तोही आपल्याच गाळ्यात. त्यांनी आ-पाओला रविवारभर गोदामात बसायला फर्मावलं.

“काच कोण बसवेल तुझी?” जाता जाता तो पुटपुटला.

“मी बसवीन. धुतलेल्या हातांनी.”

रविवारी आ-युआनने नवी पुडी आणली. त्यातल्या त्यात मोठी. तारीख उलटसुलट तपासली, पुडी नेहमीच्या फटीत दाबून बसवली आणि काच स्वतः लावली. काचेवर एक ठसा नाही. त्याला फार दिवसांनी प्रसन्न वाटलं.

चाचणी सुरू झाली. सत्तर लवकरच आलं, आणि आकडा तिथे थांबला नाही. आ-युआनने वेग एक पायरी खाली आणला. पंचाहत्तर. अजून एक पायरी. आता तर शेजारचं किरकोळ कार्डही त्याच्या पुढे धावत होतं. सत्त्याहत्तर.

उष्ट्या पुड्यांचं पाप, दुसरं काय! त्या डुकराने खाल्लं आणि भोगतोय मी. आ-युआनने काचेतून पुडीकडे बघत हात जोडले. उष्णतेने ती सकाळपेक्षाही टम्म फुगली होती.

एक्क्याऐंशी. घंटा वाजली.

“बाद,” परीक्षकबाई म्हणाल्या. चाचणी तशीच चालू ठेवून त्यांनी काच उघडली आणि कार्डाखाली हात घातला. पुडी कार्डाच्या पंख्यांच्या तोंडाशी घट्ट बसली होती, ओढावी लागली. ती निघाली तसे पंखे भर्रकन फिरू लागले.

त्यांनी ती गरम, न फोडलेली पुडी आ-युआनच्या स्वच्छ हातात ठेवली. समोर पडद्यावर आकडा खाली उतरत गेला, आणि सत्तरला येऊन थांबला.