डावीकडं कलतंय

विमान पडलं. नाकावर पडलं, ते सुद्धा ऐन जोंधळ्यात. हिंदुराव ते उडवायचा रेडिओचा डबा छातीशी धरून बांधावर उभा होता आणि डब्यावरची दांडी अजून इकडंतिकडं हलवत होता. आता हलवून काय उपयोग?

"मी म्हणत होतो," कुंडलिक म्हणाला.

हे तीन शब्द त्यानं गिळले असते तर काही बिघडलं नसतं. पण गिळेल तो कुंडलिक कसला! श्रीपूरच्या साखर कारखान्यात दोघं शेजारशेजारच्या लेथवर कामाला. तीन वर्षं कुंडलिकाचं एकच पालुपद होतं : विमान डावीकडं कलतंय.

हिंदुरावानं ते विमान पेटीतून काढून नुसतं जोडलं नव्हतं, हातानं घडवलं होतं. मेहुणा जहाजावर नोकरीला. त्यानं बाहेरून रेडिओचा संच आणि एवढंसं इंजिन आणून दिलं. बाकी सगळं हिंदुरावाचं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद. डावा पंख आणि उजवा पंख सोनाराच्या काट्यावर तोललेले, गुंजेचा फरक नाही. तरी कारखान्याच्या कॉलनीत जो तो मान वाकडी करून बघायचा आणि म्हणायचा, जरासं कलतंय हो. फोरमन म्हणायचा. गेटवरचा वॉचमन म्हणायचा. एकदा बायको मथुराबाईसुद्धा म्हणाली, त्या रात्री हिंदुराव जेवला नाही.

म्हणून त्यानं ठरवलं होतं. सव्वीस जानेवारीला, पंच्याहत्तर साल उजाडलंय तर एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. कारखान्याच्या मैदानावर सगळ्यांच्या डोक्यावरून विमान सुतासारखं सरळ न्यायचं, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील. आज रविवार होता, त्याचाच सराव चालला होता. बांधाच्या कडेनं विमान खालून न्यायचं, वळवायचं, त्याच वाटेनं परत आणायचं. चार खेपा झाल्या. हिंदुरावाच्या मते चारही सरळ झाल्या. पाचव्या खेपेला विमान मधेच थरथरलं आणि खाली गेलं.

"डावा पंख," कुंडलिक मागून येत म्हणाला. "तेव्हाच थोडा तासला असता तर..."

"कुंडलिक, आता एक शब्द बोललास तर हाच डबा डोक्यात घालीन!"

दोघं खांद्याएवढ्या जोंधळ्यात शिरले. कणसं गालावर आपटत होती. विमानाचे पाच तुकडे झाले होते. हिंदुरावानं एकेक तुकडा उचलला. डावा पंख धड होता. उजव्याला मात्र मुळाशी भोक पडलं होतं, आणि धडाच्या पोकळीत काहीतरी खडखडत होतं. त्यानं तुकडा उपडा केला. हातात आवळ्याएवढा गोल धोंडा पडला.

"हा आधीपासूनच आत होता का?" कुंडलिकानं विचारलं. हिंदुरावानं धोंडा बोटांत फिरवून बघितला.

गोफणीचा धोंडा! त्यानं मान वर केली. शेताच्या मधोमध चार मेढींवर पाखरं राखायचा माळा होता. माळ्यावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर गोफण. हिंदुरावाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मोडका पंख घेऊन तो तरातरा निघाला, जोंधळा तुडवत.

"ओ, ओ सायेब! पीक हाय ते, रस्ता न्हाय!" खुरपं टाकून एक बाई धावत आली. ती शेतवाली बजाबाई. माळ्यावरची केराबाई तिची सासू.

"तुमच्या सासूबाईंनी माझं विमान पाडलंय!" हिंदुराव शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि पंख म्हातारीच्या तोंडासमोर नाचवला. "बघा! बघा काय केलंत! तीन वर्षं घातली ह्यात मी!"

म्हातारी पंखाकडं बघेना. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत होती. मग तिनं हात पुढं केला, चाचपडत पंख धरला आणि भोकातून बोट घातलं.

"तिला दिसत न्हाय ओ," बजाबाई खालून म्हणाली. "दोन सालं झाली. घरात बसंना, म्हनून आणून बसवतो. वरडली तरी पाखरं उडत्यात. तिनं काय मारलं नसंल, तुमचंच पडलं असंल."

हिंदुरावाला हसावं की कपाळ बडवावं कळेना. आंधळ्या म्हातारीनं पाडलं म्हणून सांगितलं तर कॉलनीत कोण विश्वास ठेवणार? वर्षभर टवाळी. आपोआप पडलं म्हणावं तर कुंडलिक खरा ठरणार. आगीतून फुफाट्यात!

"गप गं," केराबाई सुनेवर डाफरली. "मीच मारला. लई मोटा भुंगा वाटला, कणसावर उतरतुय म्हनलं. आवाजाच्या मागावर मारला. ईमान व्हतं व्हय? चुकलं बाबा माजं."

आता कुंडलिकाला राहवलं नाही. तो शिडीखाली येऊन उभा राहिला.

"पण आजी, खरं सांगा. ते डावीकडं कलत होतं की नाही?"

"कलतंय कसलं, तुजं डोस्कं?" केराबाई म्हणाली. "चार येळा एका वाटंनं ग्येलं, सुतभर हिकडंतिकडं न्हाय, म्हनून तर पाचव्यांदा धोंडा घातला. वाकडं उडणारं मला आंधळीला कुटलं गावतंय!"