जवळीक

"हा विषाणू जवळीक झाल्याने पसरतो," असं सिस्टर म्हणाल्या आणि नववी 'ब'चा अख्खा वर्ग आपापल्या बाकाच्या दोन टोकांना सरकला.

'जवळीक' हा शब्द सिस्टरांचा नव्हता, मुख्याध्यापिकांचा होता. सिस्टरांच्या कागदावरचा मूळ शब्द लाल शाईने खोडून त्यांनी वर तो लिहिला होता आणि बजावलं होतं, "बोलणार तुम्ही, पण पालकांकडे फोन नंबर माझा आहे." शाळेच्या नर्सला या विषयासाठी वर्षाकाठी एकच तास मिळे. गेल्या वर्षी लसीची चाळीस संमतीपत्रं वाटली, सही होऊन तीन परत आली. त्यातली एक सही विद्यार्थ्याने स्वतःच ठोकली होती.

"सिस्टर, अंतर किती ठेवायचं?" वर्गाच्या कॅप्टनने वही उघडून विचारलं.

सिस्टरांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: लैंगिक संबंध. मग सरळ सांगायला लागल्या. एचपीव्ही हा विषाणू यातून पसरतो. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुधा आपला आपण जातो. नाही गेला, तर पुढे बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ शकतो, पुरुषांना घशाचा. म्हणून लस या वयातच घ्यायची, मुलींनीही आणि मुलग्यांनीही.

वर्ग पहिल्यांदाच ऐकत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे तसल्या बायकांनाच होतो."

खसखस पिकली. सिस्टरांकडे तक्ते होते, आकडे होते; पण या वाक्याला आकडे पुरत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पुरेल असं एकच उत्तर त्यांच्यापाशी होतं, आणि ते गेली चार वर्षं त्या शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत येत होत्या. संमतीपत्रांचा गठ्ठा टेबलावर होता. आत्ता वाटला असता, तर मधल्या सुट्टीत त्याची विमानं उडाली असती.

खिडकीजवळची चष्मेवाली उभी राहिली. शाळेत याच वर्षी आलेली, फारसं न बोलणारी.

"सिस्टर, सांगू?"

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "सांग."

"माझ्या आईला झाला होता." मुलीची मान ताठ होती. "तसली म्हणजे कसली, ते ज्याला विचारायचंय त्याने तिलाच विचारावं."

कॅप्टनने वही मिटली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मग... आता आई कुठे असते?"

"ही काय, तुमच्यासमोर उभी आहे," चष्मेवाली म्हणाली. "घरीसुद्धा असंच लेक्चर देते."