एक टिचकी, दोन टिचक्या

तिनं स्कूटरची किल्ली फिरवली आणि फ्यूज पुन्हा उडाला. सकाळपासूनचा हा पाचवा. तिनं काळवंडलेली काचेची नळी काढून पायरीवर ठेवली आणि दाराकडे पाहिलं.

दारात खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. गल्लीत त्याला सगळे वायरमन म्हणत. तीस वर्षं त्यानं लोकांच्या घरात उजेड पाडला. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, बोलता काहीच येत नव्हतं. डाव्या हातातही जोर उरला नव्हता, त्याचं एक बोट तेवढं पूर्वीसारखं चालायचं. खुर्चीच्या हातावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सगळा संसार आता त्या बोटावर आला होता.

"मागच्या दिव्याची वायर पुन्हा बघू का?"

एक टिचकी.

तिनं मागचा दिवा उघडला. आत लाल वायर. सीटखाली लाल वायर. बॅटरीपासून दिव्यापर्यंत सगळ्या लालच. जुन्या स्कूटरची वायरिंग त्यानं स्वतः घातली होती, घरांच्या कामातून उरलेल्या तुकड्यांची. नकाशा फक्त त्याच्या डोक्यात होता, आणि डोक्यातून बाहेर यायची वाट बंद झाली होती.

परवा मेकॅनिक येऊन गेला. त्यानं तारा ओढून बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, ही वायरिंग नाही, हा सुगरणीचा खोपा आहे. सगळी उपटून नवीन घालू. पण पंधरा दिवस तरी लागतील, आधीच गाड्यांची रांग आहे."

पंधरा दिवस तिच्याकडे नव्हते. ती शिवणाच्या कारखान्यात तयार कपडे तपासायची. दुपारी पाऊण तासाची सुट्टी. तेवढ्यात स्कूटरवर घरी यायचं, त्याला भरवायचं, कपडे बदलायचे, कुशीवर वळवून पाठीला उशी लावायची आणि परत पळायचं. बसनं हे जमणं शक्य नव्हतं. शेजारीण भरवायला तयार होती, पण तिच्या हातचा घास तो तोंडात घेत नव्हता. ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसायचा. स्कूटर बंद पडली तशी तिनं तीन दिवस रजा काढली. ती आज संपत होती. सकाळीच सुपरवायझरचा फोन आला होता. "ताई, उद्या आला नाहीत तर तुमच्या टेबलावर दुसरी बाई बसेल. माझ्या हातात काही नाही."

म्हणून ती तीन दिवस पायरीवर बसून विचारत होती. ही वायर ब्रेकची का? ही कुठे जाते? इथं टेप आहे, सोडू का? आणि तो टिचक्या मारत होता. पूर्वी हाच माणूस म्हणायचा, "तुला काय कळतंय त्यातलं, लांब हो, शॉक बसेल."

मागच्या दिव्यात काहीच सापडलं नाही. पत्र्याच्या कडेनं तिचं बोट मात्र कापलं. तिनं ते पदरात दाबून धरलं.

"मला नाही जमत हो," ती म्हणाली. "काय करू मी आता?"

त्यानं नजर पायरीवरच्या काळ्या नळ्यांकडे वळवली.

ऊन पायरीवर आलं. तिनं स्कूटर ओढून भिंतीच्या सावलीत घेतली, सरळ उभी केली, पाकिटातला शेवटचा फ्यूज लावला आणि डोळे मिटून किल्ली फिरवली.

फ्यूज उडाला नाही.

तिनं चटकन किल्ली बंद केली. काय बदललं? वायर तर एकही हलवली नव्हती. मग लक्षात आलं. तीन दिवस स्कूटर हँडल डावीकडे वळवून उभी होती. आता हँडल सरळ होतं.

तिनं हँडलखालचं झाकण उघडलं. मानेपाशी पत्र्यावर घासून घासून एक वायर सोलली होती. आतलं तांबं चमकत होतं. हँडल वळलं की ते पत्र्याला टेकत होतं. तिनं टेप गुंडाळला, वायर बाजूला बांधली. किल्ली फिरवली, हँडल डावीकडे, उजवीकडे. फ्यूज शाबूत. चौथ्या किकला इंजिन धडधडलं.

"अहो, झाली! सुरू झाली!" ती ओरडत वळली.

त्याचा चेहरा उतरला होता. चोरी सापडलेल्या पोरासारखी त्यानं मान फिरवली.

ती जागच्या जागी थांबली. पहिल्या दिवशी तिनं पहिलाच प्रश्न विचारला होता, हँडलखाली बघू का? दोन टिचक्या. काल पुन्हा विचारला. पुन्हा दोन. तिला वाटलं होतं, विसरला असेल. दिवा नुसता लुकलुकला तरी तार कुठे घासते ते सांगणारा माणूस!

तिचा संताप उसळला. तीन दिवस, कापलेलं बोट, जायला आलेली नोकरी. ती तरातरा त्याच्याकडे निघाली. तोंडाशी आलेले शब्द मात्र दाराशी पोचेपर्यंत विरून गेले. तो डोळे वर करून बघायला तयार नव्हता. गेल्या चार महिन्यांत त्याला सगळ्यांनी मिळून दोनच गोष्टी विचारल्या होत्या. दुखतंय का, आणि लघवी झाली का. तिनंसुद्धा. त्याच्या कामातलं विचारलं ते याच तीन दिवसांत.

ती परत फिरली. इंजिन बंद केलं. उघड्या झाकणाशी वाकून हॉर्नच्या बटणाची वायर दोन बोटांनी ओढून काढली आणि झाकण बसवून टाकलं. मग किल्ली फिरवून त्याला दिसेल असं हॉर्नचं बटण दोन-तीनदा दाबलं.

"अहो, हॉर्न गेलाय बघा," ती म्हणाली. "उद्या कामावरून आले की मला सांगा, कुठून सुरुवात करायची ते."