काचेवरचा डाग

दोन दिवस सुखदाच्या जिवाला चैन नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी आगीत जळून गेलेल्या शहराचा, काचेवर घेतलेला एक फोटो तिला प्रदर्शनासाठी कॉम्प्युटरवर साफ करायचा होता. राखेच्या ढिगाऱ्यांपुढे हॅट घातलेले अकरा जण ताठ उभे होते, अगदी मिशांसकट स्पष्ट. पण त्यांच्या मागे एका जळक्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, आणि तिथून त्याच्याही पुढच्या दारापर्यंत, एक धुरकट डाग लांबत गेला होता. मेला तो डाग शेजारच्या स्कोफिल्ड्सच्या घरी जेवतानाही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी शुक्रवारी दिवसभर खपून तिने तो कणाकणाने पुसला आणि शिफ्ट संपता संपता फाइल छपाईला धाडून दिली.

सोमवारी भिंतभर लागलेल्या त्या फोटोपुढे, जुन्या कॅमेऱ्यांतली जाणकार व्हेरोनिका थबकली.

"सुखदा, मागचा तो डाग कुठे गेला गं?"

"काढला ना! सहा तास लागले. आता कसं स्वच्छ वाटतंय बघ."

"अगं, तेव्हा एका फोटोला पंधरा-पंधरा सेकंद लागायचे. जो उभा राहील तो नीट यायचा, जो चालत राहील त्याचा नुसता डाग उमटायचा."

सुखदाने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

 

अकरा जण फोटोसाठी थांबले होते. कुणाला तरी दारोदार शोधत फिरणारं एकच माणूस होतं, आणि तेवढंच तिने पुसून टाकलं होतं.